चिठ्ठीवरचा नंबर

नव्या दवाखान्यापुढची रांग पाण्याच्या टाकीपर्यंत पोहोचली होती आणि इकडे नेकेसाच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

केनियातल्या नैवाशाच्या या गुलाबमळ्यावर अकरा वर्षं नर्स म्हणजे नेकेसाच. ऑफिसासमोरच्या बाकावर बसवून बोटांत रुतलेले काटे तिने काढले, फवारणीवाल्यांचे चुरचुरणारे डोळे तिने धुतले. दर शुक्रवारी कोण आलं, कशासाठी आलं, याची यादी ती जातीने साहेबाच्या टेबलावर ठेवी. जेमतेम दोन-चार नावं असत. हिच्या हाताखाली माणसं आजारीच पडत नाहीत, असं साहेब म्हणे, आणि ती फुलून जाई.

मग फुलं घेणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकांनी मजुरांसाठी दवाखाना हवाच, असा हट्ट धरला. कंपनीने नैरोबीहून क्वाम्बोका नावाची पोरगेलीशी नर्स आणून मळ्यावर नवा दवाखाना थाटला. तिने खिडकीला पडदा लावला, दाराला आतून कडी बसवली. तपासणीच्या चिठ्ठीवर नाव नाही, नुसता नंबर. यादी ऑफिसात जाणार नाही, असं तिने साहेबाकडून लिहूनही घेतलं. माणसं आहेत की मेंढरं, असं म्हणून नेकेसा हसली होती. नव्याचे नऊ दिवस, असं ती भेटेल त्याला सांगत सुटली.

नऊ दिवस सरले, महिना सरला. रांग वाढतच गेली. नेकेसाच्या बाकाकडे कुत्रंही फिरकेना. ही बया फुकटच्या रजा वाटत असणार, तिने ठरवूनच टाकलं. चहाच्या सुट्टीत ती चोर पकडायला निघाल्यासारखी रांगेच्या कडेने चालू लागली. बायका खाली बघू लागल्या.

टाकीपाशी, डोक्यावरचा रुमाल कपाळापर्यंत ओढून, नाफुला उभी होती. तिची धाकटी बहीण. दोघी एका खोलीत राहत, एका ताटात जेवत. नेकेसाला रडूच आलं.

"सख्खी बहीण नर्स असताना परकीच्या दारात उभी राहतेस?"

"मला दिवस गेलेत, ताई."

"मग मला का नाही सांगितलंस? फवारणीवरून हलवलं असतं तुला."

"फवारणीवरून नाही, साहेबाने कामावरूनच काढलं असतं. तुझ्या यादीतल्या किती बायका पुढच्या हंगामाला परत आल्या, सांग बरं."

नेकेसा आठवू लागली. एकही चेहरा डोळ्यांपुढे येईना.

"मागच्या वर्षी मला तिसरा महिना लागला होता," नाफुला हळूच म्हणाली. "तेव्हा सांगायला फक्त तूच होतीस. म्हणून फवारत राहिले, बाळ जाईपर्यंत."