चव्वेचाळीस पॉइंट आठ

"दोनच दशांश, भाऊजी," धाकट्या भावाची बायको म्हणाली. "पेनाच्या एका फटकाऱ्याचं काम."

हवामान केंद्राच्या आवारात, लाकडी झडपांच्या पांढऱ्या पेटीपाशी दोघं उभी होती. पेटीत तापमापक होते, त्यातला एक दिवसभराचा सर्वांत चढा पारा धरून ठेवायचा. ते वाचून वहीत आकडा लिहायचं काम तो एकोणतीस वर्षं करत होता. लोक त्याला दशांशराव म्हणायचे. हा भाजीवाल्याकडेसुद्धा पावणेदोन बटाटे मागेल, अशी टिंगल चालायची.

नियम साधा होता. त्याच्या वहीत पंचेचाळीस अंश लागले की तीव्र उष्णतेची लाट जाहीर, आणि उघड्यावरची सगळी कामं दुपारी बारा ते चार बंद. त्याच्या खाली ऊन म्हणजे नुसतं ऊन. पंचेचाळीसला माणूस मरतो आणि चव्वेचाळीस पॉइंट आठला मरत नाही, हे गार खोल्यांत बसलेल्या लोकांनी ठरवून टाकलं होतं. त्यातल्या एकानंही कधी रस्त्यावर डांबर ओतलं नव्हतं. धाकटा ओतत होता. तीन दिवसांत त्याला दोनदा चक्कर आली होती. मुकादम म्हणाला, लाट जाहीर झालेली नाही, ऊठ.

"तुमच्याकडं तीन दिवस चव्वेचाळीस पॉइंट आठ, नदीपलीकडं रोज सेहेचाळीस लागतंय. तिथली कामं बंद आहेत," ती म्हणाली. "नदी ओलांडली की सूर्य बदलतो का?"

त्यानं तिला समजावलं की पलीकडचं केंद्र म्हणजे नुसता उकिरडा. उघडी फुफाट्याची जमीन, निगा नाही, शिस्त नाही, तिथं आकडा फुगणारच. हे सांगताना तो नळी फिरवून पेटीभोवतीच्या गवतावर पाणी मारत होता. दुपारची ही त्याची दुसरी फेरी. सगळं शहर करपलं होतं. हिरवा राहिला होता तो हा एवढा चौकोन. नोकरीला लागला तेव्हा पहिल्या साहेबानं सांगितलं होतं, केंद्र आरशासारखं ठेव. त्यानं ठेवलं होतं. उत्तम निगेचं प्रशस्तिपत्रक खोलीत टांगलेलं होतं.

"इथं जरा जिवाला बरं वाटतं," ती चपला काढून ओल्या गवतावर उभी राहिली. "त्याला घटकाभर असं उभं राहता आलं असतं तर."

"हे बघ, भाऊ माझा आहे, पण आकडा माझ्या बापाचा नाही. आज दोन दशांश वाढवले, तर उद्या कुणीतरी चार कमी करायला लावेल."

ती चपला घालून निघून गेली. साडेपाचला त्यानं पेटी उघडली, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणला आणि दिसलं ते लिहिलं. चव्वेचाळीस पॉइंट आठ.

दुसऱ्या दिवशी धाकटा डांबराच्या पिंपाशेजारी कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत खेळ खलास. कंत्राटदारानं हात झटकले. लाट नव्हतीच, वही बघा. डॉक्टरनं कागदावर लिहिलं, हृदय बंद पडलं. शेवटी सगळ्यांचंच पडतं.

भावजय रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "आदल्या दिवशी वहीत किती होतं?"

"चव्वेचाळीस पॉइंट आठ."

मग ती त्याच्याशी बोलायची थांबली.

त्यानं आठ दिवसांची रजा टाकली. भाऊ गेला, पण आपण खोटं लिहिलं नाही, या एका काठीच्या आधारानं तो उभा होता. ती काठी काढून घेतली असती तर तो तिथंच बसला असता.

आठव्या दिवशी भावजयीनं वर्तमानपत्र त्याच्यापुढं टाकलं. लाट जाहीर झाली होती, दुपारची कामं बंद झाली होती.

"तुमच्या जागी आलेला परका माणूस," ती म्हणाली. "पण त्याला दया आली."

तो तडक केंद्रावर गेला. बदलीवर आलेला माणूस पाय पसरून बसला होता. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दशांशरावानं त्याच्यापुढची वही ओढून घेतली. चव्वेचाळीस नऊ, पंचेचाळीस तीन, पंचेचाळीस सात.

"मेलेल्याच्या नावावर पुण्य कमावताय?" तो म्हणाला. "हे आकडे खोटे आहेत."

बदलीवाला शांतपणे उठला. "मला काय पडलंय? दिसतं ते लिहितो. वाचायला आलोय, बाकी कशाला हात लावत नाही. साडेपाच झालेत. चला, तुम्हीच बघा."

दशांशरावानं स्वतः पेटी उघडली. डोळा रेषेत आणला. सेहेचाळीस. परत पाहिलं. सेहेचाळीस.

आठ दिवसांत पहिल्यांदा त्याला नीट श्वास घेता आला. म्हणजे ऊन वाढलं होतं. धाकटा गेल्यावर वाढलं होतं. त्याला तो काय करणार?

"पलीकडचा आकडाही चढला असेल," तो म्हणाला.

"कुठला? तिथं महिनाभर सेहेचाळीसच आहे. हललेला नाही."

पेटीचं दार लावायला तो मागं सरकला, तेव्हा चपलेखाली काहीतरी कुरकुरलं. त्यानं खाली पाहिलं. पेटीभोवतीचं गवत वाळून पिवळं पडलं होतं. आठ दिवस त्याला कुणी पाणी घातलं नव्हतं.