डोंगरावरून जाणारा डोंगा

देवाजीनं विटेच्या तुकड्यानं अंगणाच्या सिमेंटवर डोंगा काढला. खऱ्या नावेच्या मापाचा. एक टोक भिंतीकडं, दुसरं नळाकडं. मधोमध मोठा चौकोन काढला आणि सुनेला हाक मारली.

“रुक्मा, हे झोपडी झाली. चूल कुठं मांडशीन?”

रुक्मा ओल्या हातांनी बाहेर आली. चौकोनाभोवती एक फेरी मारली.

“झोपडीत नोको, मामाजी. धूर होईन. बाहेर मांडू, वाऱ्याच्या आडोशाले.”

“वारा कोणत्या अंगाचा राहीन?”

“ते तं तुमालेच माहीत.”

देवाजी हसला. तिनं बोट दाखवलं तिथं त्यानं तीन दगड काढले.

गावी परतायची वाट त्यानं ठरवली होती. घराजवळच्या मरोद्याच्या तलावातून निघायचं. कालव्यानं शिवनाथ नदीला लागायचं. मासे मारत, पाण्यावरच रांधत, पाण्यावरच झोपत राजनांदगावच्या वर जायचं. पुढं डोंगरगडचे डोंगर. त्यांच्या पलीकडचं सगळं पाणी वैनगंगेचं, आणि वैनगंगेच्या काठी, पवनीच्या खाली, त्याचं गाव. मधले डोंगर तेवढे राहिले होते.

डोंगरांचा उपाय घरात आणला तो त्याच्या मुलानंच. कवडू पोलादाच्या कारखान्यात क्रेनवर होता. त्याच्या रशियन साहेबानं एकदा आपल्या मुलखातला फोटो दाखवला. दोन लोखंडी दरवाजे आणि त्यांच्यामध्ये नाव. मागचा दरवाजा लावायचा, आत पाणी सोडायचं, पाण्याबरोबर नाव वर येते. मग पुढचा दरवाजा उघडायचा. असे एकापुढं एक दरवाजे केले, की नाव चढण चढते आणि पलीकडं उतरते. कवडूनं हे जेवता जेवता गंमत म्हणून सांगितलं. देवाजीनं हातातला घास ताटात परत ठेवला. तेव्हापासून रोज एकच विचारणं होतं. साहेबाले इचारलं का?

पहिली पाळी सुटली. सायकल भिंतीला टेकवून कवडू आत आला आणि आखलेल्या डोंग्यापाशी थांबला.

“बाबा, किती वेळा सांगू. गाडीनं चला ना. सकाळी बसलं का दुपारी भंडारा रोड. तिथून मोटर भेटते.”

“गाडीनं गेलो तं पाहुणा होतो,” देवाजी म्हणाला. “चहा पाजतीन अन् इचारतीन, परत कधी जाता?”

“अन् डोंग्यानं गेलं तं?”

“डोंग्यानं गेलो तं कोणी नाही इचारत. जाळं काठावर सुकवाले टाकीन. बस.”

रुक्मानं नवऱ्याच्या हातात पाण्याचा गडवा दिला. “साहेब काय म्हणे?” तिनंच विचारलं.

कवडूनं साहेबाला विचारलं होतं ते हे खूळ एकदाचं संपावं म्हणून. साहेब हसेल, नाही म्हणेल, आणि तेवढंच घरी येऊन सांगायचं.

“हासले नाही ते,” तो म्हणाला. “दुभाष्यानं दोनदा समजावून सांगितलं त्याइले. मंग खाली बसले अन् खडूनं लोखंडाच्या प्लेटवर डोंगर काढला. म्हणे, चाळीसक दरवाजे लागतीन.”

“बाप्पा! चाळीस?” रुक्मा म्हणाली.

“लागू दे ना,” देवाजी म्हणाला. “एवढं लोखंड कोणासाठी बनवून राहिले तुमी?”

रुक्मा तोंडाला पदर लावून हसली. कवडू हसला नाही.

“डोंगराच्या माथ्यावर पाणी कुठून आणान, हे बी इचारलं त्याइनं.”

“पावसाळ्यात जाऊ,” देवाजीनं लगेच सांगितलं.

“अन् मंग म्हणे...” कवडू अडखळला. गडव्यातलं उरलेलं पाणी त्यानं उगाच हलवलं. “म्हणे, डोंग्यात एक जागा माह्यासाठी ठेवा. मासे माराले येतो. त्याइच्या गावाले मोठी नदी हाये. इकडे आल्यापासून पाहिली नाही म्हणे.”

देवाजीनं ओल्या फडक्यानं डोंग्याची एक बाजू पुसली आणि हातभर बाहेरून नवी रेघ ओढली.

“लय उंच हाये का तो?”

“दरवाज्यातून वाकून येते.”

देवाजीनं ती रेघही पुसली आणि आणखी थोडी बाहेर सरकवली.

“बाबा,” कवडू हळू आवाजात म्हणाला, “हे होत नसते. चाळीस दरवाजे कोणी बांधत नाही. आपल्यासाठी तं नाहीच नाही.”

“माहीत हाये मले.”

“मंग कावून काढून राहिले?”

“पाय सरकव. रेघीवर उभा हायेस.”

कवडू मागं झाला. देवाजीनं पुसट झालेली रेघ पुन्हा ओढली आणि तसाच बसल्या बसल्या वर पाहिलं.

“तुही जागा कुठं काढू?”

“मले कुठं सुट्टी भेटते, बाबा?”

“सुट्टी नाही इचारली. जागा इचारली.”

कवडू पायरीवर बसला. बुटांच्या नाड्या सोडू लागला. ग्रीसनं काळी पडलेली बोटं गाठीत अडकत होती. एक बूट निघाला, तो हातात धरून त्यानं सगळा डोंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. झोपडी, तीन दगड, साहेबासाठी रुंद केलेली बाजू.

“मागं,” तो म्हणाला. “वल्ह्यापाशी.”