अडगळीतलं वाक्य

वेबसाइटवरचा जुना मजकूर भाषांतरांसकट कायमचा पुसणारं सॉफ्टवेअर ऑफिसात आलं. कधीच न वापरलेल्या वाक्यांत सगळ्यात वर निघालं, 'चूक आमची, माफ करा.' भाषांतरं करणाऱ्या मावशींनी एके काळी जिवाचं रान करून ते सात भाषांत बसवलं होतं.

"एवढं राहू द्या, साहेब. वेळ काय सांगून येते?" मावशी म्हणाल्या.

"आपण चुकतोच कुठे, मावशी? उगाच अडगळ," म्हणत साहेबांनी बटण दाबलं. वाक्य सातही भाषांतून मुळासकट गेलं.

साहेबांनी ऐटीत खुर्ची मागे सारली, तसा खाली पडलेला मावशींचा चष्मा तिच्या चाकाखाली चुरडला गेला. मावशी साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

साहेबांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पण सातांपैकी एकाही भाषेत शब्द फुटेना.