दफनभूमीतला नळ

"बाबांना एवढ्याशा बाटलीतून पाणी घालतोस होय रे? ही झारी घे की."

जिल्दासने दचकून मागे पाहिलं. नळाखाली धरलेली सायकलची बाटली अर्धी भरली होती. मागे ओदेतमावशी उभी होती, त्याच्या आईची जुनी शेजारीण. पायात रबरी बूट, हातात हिरवी झारी.

खरं म्हणजे तो बाबांच्या कबरीसाठी आलाच नव्हता. जुन्या रेल्वेचे रूळ उखडून तिथे खडीचा सायकलरस्ता केला, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यावर ना मोटार येते ना ट्रॅक्टर. त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते. रविवारी गावातली दुकानं बंद असली, तरी दफनभूमीचं फाटक उघडं असतं आणि आतल्या नळाला पाणी असतं. फुलांसाठीचं पाणी सायकलवाले पितात, कुणी काही म्हणत नाही. जिल्दासही एप्रिलपासून दर रविवारी तेवढ्यासाठीच थांबायचा. बाटली भरायची आणि निघायचं. दोन मिनिटांत काम.

"बाकीचे पाणी भरतात नि पळतात," मावशी म्हणाली. "तू तसा नाहीस. आत येताना हेल्मेट काढतोस. माझ्या खिडकीतून फाटक दिसतं मला. तुझ्या आईला सांगितलंय मी, सोलांज, पोरगं गुणाचं निघालं हो तुझं! बाकीच्यांची मुलं नोव्हेंबरात मृतांच्या सणाला एक शेवंतीची कुंडी ठेवतात, की वर्षभर मोकळी."

हेल्मेट तो घाम येतो म्हणून काढायचा. ते सांगून टाकायची हीच वेळ होती. पण पन्नाशीच्या माणसालाही कौतुक नाकारणं जड जातं. त्याने झारी घेतली, रोजची वाट असल्यासारखी लांब लांब पावलं टाकली आणि दुसऱ्या रांगेतल्या एका करड्या दगडापुढच्या कुंडीत पाणी सोडलं.

"अरे, अरे! ती म्हाताऱ्या ल गालची कबर! त्याला कसलं पाणी पाजतोस? जन्मात सफरचंदाच्या सायडर-दारूशिवाय काही प्यायला नाही तो!"

मावशी खो खो हसली. मग हसता हसता थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं, झारीकडे पाहिलं आणि बुटाच्या टोकाने उगाच खडी सारखी करत राहिली.

"भिंतीपाशी," ती हळू आवाजात म्हणाली. "शेवटून तिसरी कबर."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. आणि तेही कुठे, तर जिथे धरणीने कितीतरी जणांना पोटात घेतलं होतं तिथे.

दफन झालं तेव्हा तिथे नुसती ओली माती होती. दगड नंतर बसवला, त्या दिवशी त्याला यायला जमलं नव्हतं. आज तो पहिल्यांदाच पाहत होता. वर बाबांचं नाव, इव्हों, आणि जन्माचं नि मृत्यूचं वर्ष. खाली आईचं नाव, सोलांज. तिच्या जन्माचं वर्ष, पुढे एक रेघ, आणि रेघेपुढे कोरी जागा.

जिल्दासने झारी रिकामी केली. मग बाटलीतलं पाणीही दगडापुढच्या बेगोनियाच्या फुलझाडांच्या मुळाशी ओतलं. बाटली त्याने पुन्हा भरली नाही.

"मावशी, आईला यातलं काही..."

"मी कशाला सांगू? तोंड आहे ना तुला?"

आईचं घर तिथून अर्ध्या किलोमीटरवर, अगदी त्या सायकलरस्त्याला लागून. रेल्वे होती तेव्हा आई तिथली फाटकवाली होती. गाडी यायच्या आधी रस्ता बंद करायची आणि गाडी जाईपर्यंत दारात ताठ उभी राहायची. गाड्या बंद झाल्या, तिची सवय गेली नाही. आता ती सायकलवाल्यांसाठी दारात उभी राहते आणि प्रत्येकाला 'बोंजूर' म्हणते. गाव तिला हसतं.

दर रविवारी ती जिल्दासलाही 'बोंजूर' म्हणायची. त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा, खाली घातलेली मान, आणि उत्तराला नुसता वर केलेला हात. तोंड उघडलं असतं तर तिने आवाज ओळखला असता. मग जेवायला थांब, बायको का सोडून गेली ते सांग, आणखी एक घास घे. त्यात तीन तास गेले असते. सोमवारी ऑफिसात कुणी किती किलोमीटर मारले त्याचा हिशेब व्हायचा, आणि त्यात जिल्दासला मागे पडायचं नव्हतं. बस, एवढंच कारण होतं. आता ते मनातल्या मनात उच्चारतानाही त्याला शरम वाटली.

आई दारात होतीच. त्याने ब्रेक दाबला, चष्मा काढला आणि रिकामी बाटली पुढे केली.

"आई, पाणी देतेस?"

ती दचकली नाही. बाटली घेऊन म्हणाली, "ये. आज उशीर झाला तुला."

"तुला माहीत होतं? मीच जातो ते?"

"वीस वर्षं गाड्या आवाजावरून ओळखल्यात मी. तुझी चेन वळणावरूनच कळते. तेल घाल तिला."

"मग हाक का नाही मारलीस कधी?"

"फाटकवालीने गाडी थांबवायची नसते रे, जाऊ द्यायची असते," आई म्हणाली. "आणि म्हटलं, तिकडे बाबांपाशी थांबतोयस ना. मी तिकडे राहायला गेले, की माझ्यापाशीही थांबशील."