चौथा पेनड्राइव्ह

तिसरा पेनड्राइव्ह दोन वाक्यं बोलला आणि गप्प झाला.

ताई टेबलाशी ताठ बसली होती, बोटं कीबोर्डवर. मागे उभ्या असलेल्या धाकट्या भावाला, पान्याला, पडद्यावर सगळं दिसत होतं. मधोमध एक चौकट उघडली होती आणि पुढे जायचं का, एवढंच विचारत होती. एक एंटर मारला की काम झालं असतं. पण ती चौकट बोलत नव्हती. ताईची नजर दोन वर्षांपूर्वी पूर्ण गेली, तेव्हापासून जे कॉम्प्युटर वाचून दाखवेल तेवढंच तिच्यासाठी पडद्यावर असे.

पान्या लिफ्ट दुरुस्त करतो. लहानपणी सदा हातात पाना, म्हणून घरात पान्या; चाळिशी उलटली तरी ते सुटलं नाही. सोमवारी तो बायकोमुलांना घेऊन दुसऱ्या गावी नव्या नोकरीवर जाणार होता. त्याआधी ताईच्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही नवी ऑपरेटिंग सिस्टीम बसवायची होती. लिनक्सचे प्रकार ढीगभर. आठ दिवस डोकेफोड करून त्याने चार निवडले, चार पेनड्राइव्हवर घेतले आणि हाताला ओळखू यावेत म्हणून त्यांना एक, दोन, तीन, चार असे रबरबँड गुंडाळले. ताईच्या गरजा साध्या होत्या. मेल, कॉलेजच्या मुलांच्या गुणांचे तक्ते, आणि ती व तिच्या तीन मैत्रिणी रोज संध्याकाळी हेडफोन लावून नुसत्या कानांनी खेळत, तो तलवारींचा खेळ. एक अट मात्र पान्याच्या पचनी पडली नव्हती. बसवणार ती स्वतः, एकटी.

पहिला पेनड्राइव्ह मुकाच निघाला. दुसरा गोड बोलला, पण ऐन बसवायच्या वेळी त्याची दातखीळ बसली. तिसरा पान्याचा लाडका. खेळांसाठी याच्या तोडीचा दुसरा नाही, हे तो सकाळपासून तीनदा सांगून मोकळा झाला होता.

त्याने ताईच्या खांद्यावरून हात लांब केला आणि जमेल तितक्या हलकेच एंटर दाबला. कॉम्प्युटर पुन्हा बोलायला लागला.

ताईने दोन्ही हात मांडीवर घेतले.

"कोणी दाबलं?"

"आपोआप गेलं पुढे."

"आणि तुझ्या बाहीला ग्रीसचा वास आपोआप येतो का रे?"

पान्याने मग बाजू मांडली. एकच तर एंटर, तोही जन्मात एकदा. पुढे वर्षानुवर्षं बघायला नको. आणि अडलंच काही, तर फोन आहे की.

फोनचं ऐकून ताई हसली आणि सांगू लागली. गेल्या महिन्यात असंच अडलं होतं. त्याने सांगितलं म्हणून तिने व्हिडिओ कॉल लावून फोन पडद्यासमोर धरला, त्याला दिसावं म्हणून. तो काही बोलेना तेव्हा तिला वाटलं, वाचत असेल. हात भरून आला तशी तिने दुसऱ्या हाताने धरला. पाऊण तासाने कळलं की लाइन केव्हाच तुटली होती.

पान्याला हे आजवर माहीत नव्हतं. ताईचं जमलं आणि तिने फोन ठेवला, असं समजून तो तेव्हा जेवायला बसला होता.

"आता सांग," ती म्हणाली. "सोमवारनंतर हे बिघडलं आणि पुन्हा बसवायची वेळ आली, तर तो एंटर कोण दाबणार?"

तिने तिसरा काढला आणि चौथा लावला. खेळ चालवायला थोडी खटपट पडेल म्हणून पान्याने तो शेवटी ठेवला होता. पण तलवारवाल्या मैत्रिणींपैकी एकीने ताईला त्याची खूण सांगितली होती: टुक्‌ असा आवाज आला की एक अक्षर दाबायचं, मग एंटर, आणि वाट बघायची.

"आधी पडदा बंद कर."

"मग मला कळणार काय?"

"मला कळेल तेवढं."

त्याने पडदा बंद केला. कॉम्प्युटरचा पंखा घुमला. बऱ्याच वेळाने टुक्‌ झालं. ताईने दोन कळा दाबल्या. मग काहीच नाही.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की पान्या वरून ओरडून आतल्यांना धीर देत असे. आज तो आत होता. त्याचा हात पडद्याच्या बटणापर्यंत गेला. त्याने तो मागे घेऊन खिशात घातला.

मग सर्दी झालेल्या माणसासारखा एक सपाट आवाज भाषांची यादी वाचू लागला, प्रत्येकीला नंबर देऊन. ताईचे खांदे सैल झाले. तिने आकडा टाइप केला. आवाजाने पुढचं विचारलं. एकदा ती चुकली, मागे गेली, पुन्हा आली. पान्या स्टुलावर जीभ दाताखाली धरून बसला. डिस्कवरचं सगळं पुसू का, असं आवाजाने विचारलं तेव्हा ताई क्षणभर थांबली, आणि हो म्हणाली.

खेळाने खरंच त्रास दिला. दोनदा चालला नाही. शेजारच्या पान्याला न विचारता ताईने मैत्रिणीला फोन लावला. तिसऱ्या खेपेला हेडफोनमधून तलवार म्यानातून निघाल्याचा आवाज आला. ताईने हेडफोन काढून पान्याच्या डोक्यावर बसवले.

अर्ध्या मिनिटात तो तीनदा मेला.

"जरा पडदा चालू करतो."

"कर की."

त्याने बटण दाबलं. पडदा उजळला. त्यावर खेळाच्या नावाखेरीज काही नव्हतं. माणूस नाही, तलवार नाही. चौथ्या खेपेला त्याने डोळे मिटले. डावीकडून, अजून बरीच लांब, कोणाची तरी पावलं येत होती.