हातावरचे पाच हजार

"आजी, पेन्शन बंद झाली तरी या चाळीत एकाही म्हातारीचं काही बिघडत नाही," अक्षदा म्हणाली. "असं कॉम्प्युटर म्हणतो."

"त्याला म्हणावं, महिनाभर ये राहायला," शेवंती म्हणाली आणि लसूण सोलत राहिली.

अक्षदा लालबागच्या याच चाळीतली पोर. आता मोठ्या संस्थेत कामाला. सरकारच्या मनात नवा नियम होता: मुलगा पैसे देत असेल, तर आईची पेन्शन बंद. तो नियम आधी कॉम्प्युटरमध्ये भरलेल्या हजारो घरांवर चालवून बघायचा, कोणाच्या ताटातलं किती जातं ते काढायचं, हे तिचं काम.

"म्हणजे भातुकलीच की गं."

"भातुकलीच. पण या भातुकलीत जो उपाशी दिसत नाही, त्याला खऱ्या पंगतीत कोणी वाढत नाही." अक्षदाचा आवाज खाली आला. "तुमचे मुलगे अख्ख्या मुंबईत सगळ्यात जास्त देतात, असं आलंय. साहेब खूश. मला पटत नाही. उद्या रिपोर्ट जाणार."

शेवंतीचा हात थांबला. दोन वर्षांपूर्वी हीच पोर, कोणाचा मुलगा किती देतो ते लिहून घ्यायला, फॉर्म घेऊन गॅलरीत बसली होती. सगळ्या जणींचे कान तिकडेच. "माझा अमित महिन्याला पाच हजार हातावर ठेवतो," शेवंतीने ठसक्यात सांगितलं होतं. मग समोरच्या कमलाबाईने सहा सांगितले. टोकाच्या खोलीतल्या बकुळाने सात.

अमित वडाळ्याला बिऱ्हाड घेऊन गेला, तेव्हापासून त्याचा एक रुपया आला नव्हता.

समोरच्या दारात कमलाबाई बीपीची गोळी सुरीने कापत होती. अर्धी आज, अर्धी उद्या. पेन्शन गेली की तीही नाही.

शेवंतीने कोणापुढे मान खाली घातली नव्हती. गिरणी बंद पडून नवरा घरी बसला, तेव्हाही नाही.

"लिही," ती म्हणाली. मुद्दाम मोठ्याने, बकुळाच्या खोलीपर्यंत जाईल असं. "अमित काही देत नाही. छदामसुद्धा नाही. त्या दिवशी मी खोटं बोलले. माझं ऐकून या सगळ्या बोलल्या."

अक्षदा घाईने वळली. "कमलाआजी, तुझं?"

कमलाबाईने उरलेली अर्धी गोळी पदराच्या टोकाला बांधली. शेवंतीकडे बघून चुकचुकली. "अगंबाई, शेवंते! इतकी वर्षं कळू दिलं नाहीस!"

मग पोरीला म्हणाली, "माझा देतो हो. आता आठ लिही."