दयाळाची सबब

शनिवारी सकाळी दयाळाचं शेवटचं पिल्लू स्कूटरच्या झाकण तुटलेल्या डिकीतून बाहेर आलं, हँडलवर जरा डगमगलं आणि उडून जास्वंदीवर जाऊन बसलं. खिडकीतून बघणाऱ्या अच्युतरावांच्या हातातला चहा निवून गेला. आता सबब उरली नव्हती.

महिनाभर ते बायकोला थोपवत होते, "डिकीत घरटं आहे. पिल्लं उडाली की विकू." "विका हो ती अडगळ एकदाची," हा तिचा धोशा मात्र सुरूच होता. याच अडगळीवरून त्यांनी नव्या नवरीला महाबळेश्वर दाखवलं होतं. खंबाटकीच्या घाटात इंजिन रुसलं, की तीच खाली उतरून सांगायची, "अहो, आधी कलती करा, मग मारा किक."

रिकामं घरटं त्यांनी तिला मुकाट्याने दाखवलं आणि रविवारी गिऱ्हाईक बोलावलं. "जरा कलती करून किक मारतो," म्हणत त्या माणसाने हँडल धरलं.

"हात लावू नका!" कणकेच्या हातांनीच ती स्वयंपाकघरातून धावत आली. "आत पिल्लं आहेत."

तो डिकीत डोकावणार, तोच ती आडवी उभी राहिली. बिचारा आल्या पावली परत गेला.

"अगं, पिल्लं काल उडाली ना? तू पाहिलंस की."

"दयाळ पुन्हा अंडी घालतो, असं तुम्हीच म्हणालात," ती फणकारली आणि पदराने सीट पुसू लागली. पुढची नव्हे, मागची.